फुआच्या पत्र्यावरचं हेलिकॉप्टर

लंबासा, फिजी

तीर्थस्वरूप सरोजनी फुआस,

अविनेशचा पाया पडून नमस्कार. ब्रिस्बेनच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे ठीक. बाबांची साखर आटोक्यात आहे, स्वभाव नाही.

फुआ, आत्या असावी तर तुझ्यासारखी! तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू? आम्हा टायरच्या दुकानातल्या पोरांना तू तुझं बंद घर शूटिंगला दिलंस. (तू फक्त व्हरांडा दिला होतास, ठाऊक आहे. पण खलनायक पळत आत शिरला, मग नायकाला बाहेर थांब कसं म्हणायचं?) सिनेमा छोटासाच, मोठमोठ्या मारधाडीच्या सिनेमांची टिंगल करणारा. नायक आपला वाईसाके, रग्बी खेळणारा धिप्पाड गडी. एका ठोशात चाळीस गुंड लोळवतो. आमच्याकडे गुंड तिघेच, म्हणून ते मरून कुंपणामागे जायचे आणि शर्ट बदलून पुन्हा मरायला यायचे. हेलिकॉप्टरसाठी तुझा छताचा पंखा बांबूला बांधून पत्र्यावर चढवला. वाईसाकेने त्याला लोंबकळायचं होतं, पण एवढ्या आडदांड माणसाला उंचीची भीती! अर्ध्या शिडीवरच डोळे मिटून तो प्रार्थना म्हणू लागला.

तेवढ्यात शेजारच्या कमला काकीने तुझ्या पत्र्यावर तोंडं बांधलेले, लाकडी बंदुका घेतलेले तिघे पाहिले आणि पोलिसांना फोन केला. सार्जंट आला. आम्ही हात वर केले. वाईसाकेला शिडी सोडवेना.

"घर कुणाचं?"

"माझ्या फुआचं."

"कुठाय ती?"

"ब्रिस्बेनला."

"वा! माझी फुआ राजवाड्यात असते. चला, बसा गाडीत."

एवढ्यात उसातून काठी टेकत बाबा आले. (आमच्या सिनेमाला ते 'माकडचाळे' म्हणतात. आणि आजाच्या तेराव्याला तुमचं भांडण झाल्यापासून तुझ्या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, हे तुला मी काय सांगू?)

"माझ्या बहिणीचं घर आहे हे," बाबा म्हणाले. "पोरं तिला विचारूनच आलीत."

"तुम्हाला ती तसं बोलली?"

"माझ्याशी ती बोलत नाही. पण पोरांना नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही."

फुआ, 'माझी बहीण' हे शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकले. माझे हात वरच राहिले.

सार्जंट ओशाळला. काकीने सगळ्यांना चहा केला. मग सार्जंटने हळूच विचारलं, "तुमच्या सिनेमात पोलीस लागत नाही का?" त्याला घेतला. गोळी लागल्यावर मरायला त्याने इतका वेळ लावला की बाबा ओरडले, "अरे मर की आता, चहा निवतोय!" आणि स्वतःच खो खो हसत सुटले. आई गेल्यापासून ते हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. तुझं घर नसतं तर ते आम्हाला कुठे मिळालं असतं?

तुझा ऋणी,
अविनेश

ता. क. पंखा परत लावला आहे. फिरतोही, फक्त उलटा.

ता. क. वाईसाके अखेर धीर करून पत्र्यावर चढला. खाली आला तो मात्र पत्र्यातूनच, तुझ्या पलंगावर. पलंग चांगला होता.

ता. क. दिवाळीत शाळेच्या मैदानावर सिनेमा दाखवणार आहोत. तू ये. पलंग मोडलाय, तेव्हा उतरायचं आमच्याकडेच. हे मी माझ्या मनाने लिहितोय, बाबांनी सांगितलेलं नाही. ते नुसते माझ्या मागे उभे आहेत आणि म्हणतायत, "कुठल्या विमानाने येतेय ते विचार. उसाचा ट्रक धुवावा लागेल."