बर्फावर मांडलेले दगड

कार्हू तळं, मिनेसोटा
४ मे

प्रिय आर्वो,

ॲरिझोनाचं ऊन तुला आणि मार्लीनला मानवलं असेल. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. तळ्यावरचा बर्फ फुटला, पाणी मोकळं झालं. शेजारच्या रूडीने तुझ्या भाड्याच्या केबिनांचे नळ सुरू करून पाहिले, एकही फुटलेला नाही.

पुढच्या शनिवारी मासेमारी खुली होतेय. तुझे पाहुणे येऊन धडकायच्या आत चार ओळी लिहाव्यात म्हटलं.

मागच्या वसंतात तू इथे नव्हतास. त्याआधीच्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पोरांना किल्ले करता यावेत म्हणून तू काठच्या पाण्यात ट्रकच्या ट्रक वाळू ओतलीस. बाबांनी वर्षानुवर्षं घातलेली खडी त्याखाली गेली. वॉलआय मासे त्या खडीतच अंडी घालायचे. गाभोळीने भरलेल्या माद्या सवयीने तिथेच आल्या आणि अंडी वाळूत घुसमटून मेली. मी हाताने उकरून पाहिली, पांढरीफटक पडली होती. मग एकही वॉलआय घरी न्यायचा नाही, असा मत्स्यखात्याचा हुकूम निघाला. गावाच्या सभेत तू काय म्हणालास? "जातील की दुसरीकडे! त्यांना काय माझाच काठ लागतो?"

सगळे हसले. मला तेव्हा तुझं थोबाड फोडावंसं वाटलं.

त्यानंतर शरदात तू बाबांची सौना, ती वाफेची न्हाणी, पाडलीस, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. पायाचे दगड, शेतातून वेचलेले गोटे, ज्यांच्यावर पाणी ओतून बाबा वाफ काढायचे ते काळे दगड, सगळ्यांचा एक ढीग. "यांचं काय करू?" मी विचारलं. गाडीची काचसुद्धा धड खाली न करता तू म्हणालास, "घाल तळ्यात!"

बरं. मोठ्या भावाचा शब्द मोडू नये.

फेब्रुवारीत बाबा घसरगाडीवरून दगड बर्फावर न्यायचे, आठवतं? आपण दोघं ढिगावर चढून बसायचो. बर्फ वितळला की दगड जिथल्या तिथे तळाशी बसायचे. या फेब्रुवारीत रूडीचा ट्रक होता, मी होते आणि अर्धं गाव होतं. तुझ्या वाळूच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा ढीग मांडला.

रूडी म्हणाला, "अगं हेल्वी, पोहायला थोडी तरी जागा सोड त्याला."

म्हटलं, "सोडलीय की. ॲरिझोनात."

वकिलाला फोन करायचा तर खुशाल कर. खात्याची परवानगी आहे. काठ तुझा असेल, तळ सरकारचा. वाळू ओतताना तू कुणाला विचारलं नव्हतंस, हेही त्यांना कळलंय. मीच सांगितलं. आता तिथे विणीची जागा म्हणून पाट्या लागल्यात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत होडी नाही, पोहणं नाही, तुझा लाकडी धक्काही टाकायचा नाही.

मला वाईट वाटतंय, असं लिहिणार होते. पण वाटत नाही. फार गोड वाटतंय.

काल संध्याकाळी टॉर्च घेऊन गेले. मासे आले होते. त्या काळ्या दगडांवर पोटं घासत होते, डोळे सौनेतल्या निखाऱ्यांसारखे चमकत होते. एक गोटा उचलला तर अंडी चिकटलेली, नितळ, जिवंत. हळूच परत ठेवला. मग बाबांना मोठ्याने हाक मारली आणि तुझ्या नावाने एक शिवी हासडली, तीही मोठ्यानेच.

येताना जाड तळव्यांचे बूट आण. पाण्यात जिथे पाय टाकशील तिथे बाबा लागतील.

तुझा शब्द खाली पडू न देणारी,
हेल्वी