सुमनताई कुकीज कोणाला देतात?

रविवार, संध्याकाळ

आमच्या रनिंग ग्रुपमधल्या सुमनताई दर रविवारी मी सगळ्यांसाठी करून नेलेल्या ज्वारीच्या दोन कुकीज घेतात, पण खात नाहीत. रुमालात बांधून हुडकेश्वरला घरी नेतात. काहून? आज पळून झाल्यावर विचारलंच.

"वरच्या मजल्यावर माही जाऊबाई राहते. सहा वर्षं झाले, आम्ही बोलत नाही. तिच्या दारात ठेवून देतो मी."

"मग?"

"मागच्या रविवारी तिनं दार उघडलं वं! म्हणे, त्या पोरीले मीठ जरा कमी टाकायले सांग."

सांगताना ताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. भांडण कशावरून झालं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं. पण खारट? इतके रविवार ग्रुपमधले सगळे मुकाट्यानं खात होते की काय?