ह्यांच्या विकेटांचा कागद

गुरुवार, सकाळ

रात्रभर डोळा लागला नाही. बाळ झोपलं होतं, मीच जागी. ह्यांच्या बॉलिंगचा कागद परवा मी कापला. सगळ्या सीझनच्या ओव्हरी, रन, विकेटा त्यावर होत्या. आज नंजनगूडच्या कारखान्यात तो दाखवला की टीममध्ये घेणार, नोकरीपण देणार. आम्ही शिंपी, जाड कागद दिसला की फर्मा कापायचा. मी कोरी बाजू बघितली आणि बाळाच्या झबल्याचा फर्मा कापला. उलटून बघितलंच नाही.

काल हे सासूबाईंवर ओरडले, "अय्यो आई, तूच रद्दीत घातलास!" त्या म्हणाल्या, "घातला असेन बाबा, आता डोक्यात राहत नाही." मी बाळाला पाजत सुम्ने बसले. का गप्प बसले मी? माझी चूक म्हातारीने अंगावर घेतली. विकेटांवरनं कात्री फिरवली मी, आणि तोंड उघडलं नाही.

सगळ्या मॅचचा स्कोर माझ्या दादानेच लिहिला, त्याच्याकडे सगळं असेल. पण फोनजवळ हेच बसलेत. मला भीती वाटते. ही वही मशीनवर उघडी ठेवते. जो वाचेल त्याने आधी माझ्या दादाला फोन लावा, मग मला काय बोलायचं ते बोला.