उजवा कौल

मंगळवार, १७ ऑगस्ट २००४

अंगात त्राण नाही, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी मासे विकणारी जनाबाई नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली. भिकाजीच्या छातीत दोन दिवस दुखत होतं. ईसीजी काढला, झटका स्पष्ट दिसला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या इस्पितळात न्या.

तिने पदराची गाठ सोडून देवाच्या मूर्तीवरून उजवीकडे, म्हणजे होकाराच्या बाजूला, पडलेली एक सुकलेली पाकळी माझ्या टेबलावर ठेवली. "देवाक कौल लावलो. तुमच्या नावान उजवो पडलो. आता दुसरीकडे खंय व्हरूक नको."

मी भडकलोच. "दोन दिवस फुकट घालवलास! माझ्याकडे येवक देवाक कशाक इचारूक व्हया?"

ती शांतपणे म्हणाली, "गेल्या आठवड्यात ह्यो छातीत जळजळता म्हणान तुमच्याकडे इललो. तुमी मान वर करून बघूक नाय. गॅस म्हणान गोळी दिलात. मगे परत तुमच्याकडेच येवचा काय, ता नको इचारूक?"

मला भिकाजी आठवतसुद्धा नव्हता. त्या दिवशी बाहेर गर्दी असणार. पण मान वर न करायला हे काय कारण झालं?

शेवटी दवाखाना बंद करून मीच त्यांच्याबरोबर गाडीत बसलो, तेव्हा कुठे ती तयार झाली. वाटभर त्याची नाडी धरून होतो. वाचेल म्हणतात.

पाकळी अजून टेबलावरच आहे. टाकवत नाही. देवाने माझ्या नावाने उजवा दिला खरा. गॅसच्या गोळीचं त्याला कुणी सांगितलं नसावं.