डोक्यामागची उशी आणि आईचा अंबाडा

मागच्या वर्षी, गाडी शिकायला नाव घातले त्या दिवशी केलेल्या मृत्युपत्रात माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते. त्यात मी लिहिले होते की, आमच्या गाडीतल्या सीटवरची डोक्यामागची उशी बाबांनी काढून ठेवली, आठ वर्षांपूर्वी मागून टेम्पो धडकला तेव्हा आईच्या डोक्याला आधार मिळाला नाही आणि तिची मान जन्माची दुखावली; सबब माझ्या कोणत्याही वस्तूवर बाबांचा हक्क राहणार नाही. हे खरे नाही. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

माझे वय चोवीस. बाबांच्या दुकानात गाड्यांच्या सीट शिवते. हे लिहिताना मी पूर्ण शुद्धीत आहे. दादाचे मत वेगळे आहे, पण तो घरचाच असल्यामुळे त्याची साक्ष धरू नये. मला आजार नाही. येत्या रविवारी आईला शेजारी बसवून गाडी चालवणार आहे, एवढेच कारण.

जुना कागद आईला कपाट आवरताना सापडला. तो घेऊन ती तडक दुकानात आली.

"हे खोड," ती म्हणाली. "उशी मीच काढायला लावली होती. माझा अंबाडा तिला अडायचा, मान पुढे यायची. तुझे बाबा नको नको म्हणत होते."

"मग आठ वर्षं बाबा गप्प का बसले?"

"मीही आत्ता आल्या आल्या त्यांना तेच विचारलं. म्हणाले, तू आधीच दुखण्यात, त्यात पोरीची बोलणी कशाला?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "मला सवय आहे. लग्नाला तीस वर्षं झाली."

तेव्हा वाटणी अशी.

माझे शिलाई मशीन, वाकड्या सुया आणि कात्री बाबांना. अक्षरे त्यांनीच शिकवली, रेक्झीनच्या उरलेल्या तुकड्यांवर खडूने. बेरीज आईने, मोजपट्टीवर. मला लिहिता आलेला पहिला शब्द 'उसवलेले' हा होता.

बँकेतली शिल्लक भाचीला, एका अटीवर. ती मोठी होऊन ज्या गाडीत बसेल, तिथली उशी तिच्या उंचीला लावलेली असावी. वरची कड माथ्याला, निदान कानांच्या वर. डोके आणि उशी यांत दोन-तीन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. पाठ सरळ, पट्टा बांधलेला. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते आणि डोके मागेच राहते. मान तिथे दुखावते. उशी झोपायला दिलेली नसते.

दादा मला इन्स्पेक्टर म्हणतो. त्याच्या लग्नाच्या गाडीत मी नव्या नवरीला उठवून तिची उशी वर केली होती. वहिनींनी ते अजून मनातून काढलेले नाही. त्यांना माझी निळी छत्री आणि माफी. उशीबद्दल नव्हे, विस्कटलेल्या केसांबद्दल.

टेम्पोवाल्यावरचा राग मी कोणाला देत नाही. तो मोबाइल बघत होता.

शेजारच्या काकूंना फुलदाणी द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वाचले, म्हणून ती काल हयातीतच देऊन टाकली.

राहिली ती उशी. बाबांनी ती टाकली नव्हती. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. काल नवे कापड चढवून जागेवर बसवली. अपघातानंतर आई पहिल्यांदाच गाडीत बसली. अंबाड्यामुळे डोके पुढे झुकले. तिने एकेक पिन काढून माझ्या हातात दिली.

"वेणी घाल गं," ती म्हणाली. "खांद्यावरून पुढे घे."

मी वेणी घातली. बाबांनी तिचे डोके आणि उशी यांच्यामध्ये बोटे घालून पाहिली. दोन मावली. मोजून झाल्यावरही त्यांनी बराच वेळ हात काढला नाही.

अपघातानंतर मी बाबांना म्हटले होते, "तुम्ही आता गाडीला हात लावायचा नाही." त्यांनी एकदाही लावला नाही. आई गाडीत बसेना, म्हणून आठ वर्षांत मावशीला भेटलेली नाही. रविवारी आम्ही तिघे मावशीकडे जाणार. जाताना मी चालवीन. येताना बाबा. मी मागे बसेन आणि एकही सूचना देणार नाही. हे शेवटचे पाळले जाईलच अशी हमी देता येत नाही.

साक्षीदार:
शेजारच्या काकू. मजकूर वाचणार नाही म्हणाल्या आणि सगळा वाचला.
गाडी शिकवणारे मास्तर. सही करताना म्हणाले, "मृत्युपत्र करून स्टिअरिंगला बसणारी तूच पहिली. क्लच हळू सोड म्हणजे झालं."

सही: इन्स्पेक्टर
ठिकाण: दुकानाची मागची खोली
लिहिले: शुक्रवार, दहा फेब्रुवारी
किल्ली बाबांच्या हातात: रविवार, बारा फेब्रुवारी, मावशीच्या दारात