इंजिनाची ओटी

॥ श्री ॥

बेळगाव,
आश्विन वद्य ३, शके १८६०

चि. सौ. जयाबाई हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला आणि भरमू जावईपाव्हण्यांना निपाणीच्या सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि तसाच गॅरेजात आलो. घरी जायचा धीर नव्हता. आपल्या कंग्राळीची अख्खी गल्ली आईला बोल लावते आहे, की दसरा झाला न झाला तोच लेकीला नवव्या महिन्यात सासरी कुणी धाडतं का. मी सगळ्यांना एकच सांगितलं, माझ्या बहिणीची दोन बाळं याच माहेरात, सुईणीच्या हाताखाली गेली. तिसऱ्याला डॉक्टर पाहिजे. बोलावल्यावर घरी येणारा डॉक्टर तुमच्या बाजूला आहे, इथं नाही.

आता आनंदाची बातमी. निपाणीच्या रघुवीर डॉक्टरांच्या विलायती फटफटीचं इंजिन दोन महिने माझ्याकडे उघडं पडलं होतं, ते आज संध्याकाळी जुळलं. पाचव्या लाथेला सुरू झालं. दहा मिनिटं अंगणात चालवलं, तर शेजारचा यल्लाप्पा हातातलं काम टाकून आला आणि लई झ्याक झालंय म्हणाला. षष्ठीला तंबाखूच्या रिकाम्या लॉरीतून ती निपाणीला जाईल. निपाणी ते गळतगा आठ मैल. तुमचा निरोप पोचला की अर्ध्या तासात डॉक्टर दारात. तेव्हा रडत बसू नकोस आणि घागरी उचलू नकोस.

सासूबाईंना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून दिसत राहू दे.

तुझा
परशराम

॥ श्री ॥

गळतगा,
आश्विन वद्य ५

ती. अण्णास जयाचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. घागरीचं नावही काढू नकोस, इथं मला चूलसुद्धा फुंकू देत नाहीत. सासूबाई दिवसातून चारदा पोटावर हात ठेवून बघतात आणि काही न बोलता जातात. त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते. बाळ फिरतं, पण कधी कधी तासभर गप्प असतं. मग मी श्वास धरून बसते.

फटफटी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. होणारच होती म्हणा. खंडेनवमीला पूजा कुणी केली? तू हत्यारं आणि इंजिनाचे तुकडे पांढऱ्या धोतरावर मांडलेस आणि अंघोळीला गेलास. मी एकेका पान्याला हळदकुंकू लावलं. मग त्या दोन जड चाकांमधल्या खुंट्याला एक बारीक भोक दिसलं. मनात आलं, हे यंत्र माझ्यासाठी धावायचं, त्याची ओटी रिकामी का ठेवावी? पाच अक्षता घातल्या आणि झाडताना सांडू नयेत म्हणून काडीनं चांगल्या आत सारल्या. तुला सांगितलं नाही, तू हसला असतास. आता खुशाल हस.

आईला सांग, मी जेवते. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी
जया

॥ श्री ॥

बेळगाव,
आश्विन वद्य ७

श्रीयुत रघुवीर डॉक्टरसाहेब यांस परशरामाचा कृतानेक नमस्कार. वि. वि.

गाडी चालवू नये अशी तार सकाळीच केली आहे. कारण तारेत मावलं नाही, म्हणून हे पत्र निपाणीच्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. गाडी लॉरीतून उतरवून ठेवली असेल तशीच असू द्यावी. एक मैलही जाऊ नये.

पूजेच्या दिवशी क्रँकच्या, म्हणजे दोन जड चाकांमधल्या खुंट्याच्या, तेलाच्या भोकात अक्षता गेल्या. कुणाच्या हातून, ते विचारू नये. न बघता इंजिन जुळवणारा मी, तेव्हा चूक माझी. अंगणात ती दहा मिनिटं चालली ते जुळवताना लावलेल्या तेलावर. रस्त्यावर ते तेल संपेल, इंजिन एकाएकी जाम होईल, मागचं चाक अडकेल आणि आपण आपटाल.

हे समजल्यापासून दोन तास मी आपल्याला कळवू की नको करत होतो, हेही कबूल करतो. गाडी बंद म्हणजे माझ्याच बहिणीची वाट बंद. पण आपणच पडलात तर तिला कोण? म्हणून पाया पडून मागतो, बोलावण्याची वाट बघू नये. बैलगाडीनं एकदा जाऊन तिला तपासून यावं. तिला यातलं काही सांगू नये. क्रँक उघडायचा सरंजाम गोळा करून मी उद्याच्या मोटारीनं येतो.

मी तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही, तरी कृपा काढून घेऊ नये.

आपला आज्ञांकित
परशराम

॥ श्री ॥

गळतगा,
आश्विन वद्य ११

ती. अण्णास शि. सा. नमस्कार. वि. वि.

पडल्या पडल्या लिहिते आहे. मुलगी झाली. जिवंत आहे, अण्णा. रडते, आणि तिचं रडणं ऐकून घरातली माणसं हसतात.

डॉक्टर अष्टमीला बैलगाडीनं आले. सहज आलो म्हणाले. तपासून झालं, चहा झाला, गाडीवान बैल जुंपायला गेला आणि माझ्या कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी. बाळ आडवं होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, निपाणीहून बोलावून आणायला लागतो तेवढा वेळच नव्हता, फटफटी असती तरी.

फटफटी तर झाली, मग बैलगाडी का, असं आज ते पुन्हा बघायला आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले की सांगू नको असं तुझ्या भावानंच बजावलंय. मग मला कळलं, माझ्या अक्षतांनीच गाडी अडवली. मी रडले आणि ओटी मीच भरली हे त्यांना सांगून टाकलं. तू त्यांच्याकडेच उतरला आहेस असं ते म्हणाले, म्हणून पत्र त्यांच्याच हाती पाठवते. सासूबाई म्हणतात, त्या अक्षता देवीनंच तुझ्याकडून घालून घेतल्या गं. मला तसं मानावंसं वाटतं. तू मान. नाहीतर एकदा भरपूर रागाव, पण गप्प राहू नकोस.

तुझी
जया

॥ श्री ॥

निपाणी,
आश्विन वद्य १३

चि. सौ. जयाबाईस अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

पोरीला उदंड आयुष्य. हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, आनंद मावत नाही म्हणून.

डॉक्टरांच्या पडवीत इंजिन उघडलं. अक्षता भोकात घट्ट बसल्या होत्या, पलीकडे तेलाचा थेंब नव्हता. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण त्यांचं म्हणणं मी मानणार नाही. तू दाणे घातलेस ते मायेनं. माझं काम एवढंच होतं, की जुळवण्याआधी भोकातून फुंकर मारून बघायची. पूजेच्या आदल्या दिवशी मारली होती, म्हणून पुन्हा मारली नाही. देवीनं केलं असं आज म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचं इंजिन मी असंच न बघता बंद करीन. तुझी वेळ आधी आली म्हणून निभावलं. तू अक्षतांचं लिहिलं नसतंस आणि ती कार्तिकात आली असती, तर डॉक्टर तुमच्या गावच्या ओढ्याच्या उतारावर पडले असते, आणि तू वाट बघत राहिली असतीस.

काल गाडी जुळली. डॉक्टरांना बसू देण्याआधी तुमच्या ओढ्यापर्यंत मी स्वतः तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला ओढा ओलांडला. तुमच्या परड्यात बाळाची दुपटी वाळत होती, ती मोजता येतील इतका जवळ होतो. इंजिन चालूच ठेवलं आणि माघारी फिरलो. तुझ्यापुढं उभं राहायचं धाडस झालं नाही, जया.

भाऊबीजेला येतो. तोवर माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा
अण्णा