तेलाचं आणि उन्हाचं

रविवार, ९ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला पाच दिवस लावले, तेव्हा आधीच कान पकडते. आजी झालीस की गं! नात रडायला लागली की गल्ली गोळा होते असं लिहितेस, म्हणजे थेट आईवर गेली आहे. भाचीने तुम्हाला पहिलं वर्षभर झोपू दिलं नव्हतं, ते आता फिटलं म्हणायचं.

भाचीने विचारलं आहे की बाळाच्या बाटलीचं बूच कुठल्या रबराचं घ्यावं. तिला सांग, सिलिकॉनचं. कितीही वेळा उकळलं तरी कडक होत नाही आणि त्याला वास नसतो. चिकट लागायला लागलं की मात्र माया न करता फेकून द्यायचं. मावशीच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीचा घरात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.

तू नेहमी विचारतेस, दिवसभर त्या काळ्या रबरात बघतेस तरी काय? अगं, दिसायला सगळी काळीच, पण स्वभाव वेगवेगळे. झाडाच्या चिकाचं रबर निराळं, आमची सगळी कारखान्यातच जन्मलेली. एक आहे नायट्राइल. त्याला तेलात बुडवून ठेवलं तरी ढिम्म, पण उन्हात ठेवलं की भेगा पडतात. दुसरं ईपीडीएम. ऊन, पाऊस, वाफ सगळं सोसतं, आणि तेल लागलं की फुगून बसतं. आम्ही एवढी लांबलचक नावं घेत नाही. एक ‘तेलाचं’, एक ‘उन्हाचं’. मधे निओप्रीन आहे, ते दोन्हीकडे थोडं थोडं निभावून नेतं, घरातल्या मधल्या सुनेसारखं. कुठल्या यंत्राला कुठलं लागणार एवढंच सांभाळायचं असतं. हे सगळं मला भाऊजींनीच शिकवलं. नोकरीही त्यांनीच लावून दिली होती.

भाऊजी कसे आहेत? चार पानांत त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, ‘हे बरे आहेत’. नातीला बघून खूश असतील ना?

गेल्या आठवड्यात बस बांधणाऱ्या एका कंपनीची तक्रार आली. खिडक्यांना बसवलेल्या आमच्या कारखान्याच्या रबरी पट्ट्यांना भेगा पडल्या आहेत. त्यातली एक पट्टी माझ्या टेबलावर पडून आहे. असो, तुला काय करायचंय त्याचं.

बाळाला पापा.

तुझी,
छोटी

&nbsp;

गुरुवार, २७ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भाऊजी नातीला हातात घेत नाहीत. भाची द्यायला गेली की ‘हात धुऊन येतो’ म्हणून जे उठतात ते तासभर मोरीतून येत नाहीत. गॅसचं बटण पाच-पाच वेळा तपासतात. आणि भाचीला म्हणाले, “माझ्याकडे नको देऊस गं. माझ्या हातांचा काही भरवसा नाही.”

फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज ऐकलास की तू म्हणशील, रडू नकोस, आणि मग माझं बोलायचं राहून जाईल. म्हणून लिहिते आहे. भाऊजी जवळ असतील तर आधी एकटीने वाच.

दीड वर्षापूर्वीचा तो अपघात. आमच्या कारखान्याने दिलेल्या, तेल गळू नये म्हणून बसवायच्या सीलच्या रिंगा एका कारखान्यातल्या मशीनमध्ये चार दिवसांत फुगल्या, फुटल्या, आणि गरम तेल तिथल्या ऑपरेटरच्या हातावर उडालं. कोपरापर्यंत हात भाजला त्याचा. रिंगा उन्हाच्या रबराच्या निघाल्या. त्या भाऊजींच्या प्रेसवर झाल्या होत्या, म्हणून चौकशीत ठरलं की त्यांनी चुकीच्या रॅकमधून माल उचलला. भाऊजींचा विसरभोळेपणा सगळ्या कारखान्याला ठाऊक. ते स्वतःच म्हणाले, “झालं असेल माझ्या हातून.” आणि सत्तावीस वर्षांची नोकरी सोडून घरी बसले.

ताई, त्यांनी बरोबर रॅकमधूनच माल उचलला होता. रॅकमधल्या मालावरचं लेबल चुकलं होतं. ते मी लावलं होतं.

त्या दिवशी मिक्सिंग विभागातून कच्च्या रबराच्या दोन लाद्या आमच्या लॅबमध्ये आल्या. दोन्हींवरच्या खडूच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. कुठली कोणती हे ठरवायचं काम माझं. नियम असा की दोन्हींचा तुकडा भाजून पक्का करायचा, वजन करायचं, एक दिवस गरम तेलात ठेवायचं आणि पुन्हा वजन करायचं. पण मालासाठी प्रेस अडून बसल्या होत्या. आणि सगळे मला ‘नाक’ म्हणतात हे तुला माहीत आहे. रबर हुंगून सांगते म्हणून माझं कौतुक. बाहेरून पाहुणे आले की साहेब मला बोलावून गंमत दाखवायचे. मीही नाक वर करून फिरायचे. त्या दिवशी मला सर्दी होती. ‘आज वास येत नाही’ एवढं म्हणायची लाज वाटली. हुंगल्यासारखं केलं, एकीवर ‘तेलाचं’ लिहिलं, एकीवर ‘उन्हाचं’. वजनांचे आकडे रजिस्टरमध्ये मनाने भरले.

ती बसची पट्टी आली तेव्हा मला कळलं. ती दुसऱ्या लादीची. दुसऱ्याच माणसाने, दुसऱ्याच रॅकमधून घेऊन केलेली. भाऊजींनी रॅक चुकवली असती तर पट्ट्या तरी बरोबर रबराच्या निघाल्या असत्या. त्याही उलट निघाल्या, म्हणजे लेबलंच उलटी लागली होती.

हे त्यांना वाचून दाखव. आणि बाळाला त्यांच्याकडे दे.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

छोटी

&nbsp;

रविवार, १३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र सहा ओळींचं आलं. पूर्वी तू पत्त्याखालीसुद्धा काहीतरी खरडायचीस.

भाऊजींनी माझं पत्र शांतपणे ऐकलं, घडी घालून तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “पोर मनाची मोठी आहे. माझ्यासाठी स्वतःवर घेतेय.” आणि उठून पुन्हा हात धुवायला गेले. खाली तू विचारलं आहेस, ‘खरं सांग, तू त्यांच्यासाठी हे रचलंस का?’

मनाची मोठी! हे वाचून मी जेवू शकले नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दीड वर्ष मी गप्प राहिले, आणि तेवढ्या दिवसांत त्यांनी ती चूक स्वतःचीच मानून टाकली. आता ती त्यांच्याकडून परत मागितली तरी ते देत नाहीत.

म्हणून मागच्या पत्रात जे खोटं लिहिलं ते आता दुरुस्त करते. मला बसच्या पट्टीमुळे कळलं नाही. मला चौकशीच्या दिवशीच कळलं होतं.

आम्ही प्रत्येक लादीची, म्हणजे लॉटची, एक चकती भाजून, लेबल लावून कपाटात ठेवतो. पुढे वाद निघाला तर ती तपासायची. चौकशीत साहेबांनी मला तीच तपासायला सांगितली. मी आदल्या संध्याकाळी तिच्या कडेचा तुकडा कापून गरम तेलात टाकला होता. सकाळी तो फुगून दुप्पट झाला होता. मग मी दुसऱ्या लॉटची, खऱ्या तेलाच्या रबराची चकती घेतली, तिला ते लेबल लावलं आणि सगळ्यांसमोर, चकतीवर उठवलेला नंबर खाली करून, तीच तेलात सोडली. दुसऱ्या दिवशी ती तशीच्या तशी निघाली. साहेब म्हणाले, लॅबचं लेबल बरोबर आहे, म्हणजे रॅकच चुकली. भाऊजी समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मलाच धीर देत होते. मी खाली बघितलं.

एवढं करून मला वाटलं होतं, त्यांचं वय झालंच आहे, दोन वर्षांनी निवृत्तच होणार होते. मला अजून पंधरा वर्षं काढायची होती. असा हिशेब केला मी. तुझ्या नवऱ्याचा.

सोमवारी मॅनेजरना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, फाईल बंद झालेली आहे, उगाच कशाला. मी म्हटलं, त्या भाजलेल्या माणसाच्या कंपनीलाही मी प्रत पाठवली आहे. तेव्हा त्यांनी मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

निघताना खरी चकती घेऊन आले. नियमाने ही चोरीच. या पाकिटात दोऱ्याने बांधून ठेवली आहे. कड कापलेली दिसेल. तिचं जुनं लेबल मी फेकलं नव्हतं, तेही सोबत आहे. लॉटचा नंबर चकतीवर दाबून उठवलेला आहे, तो पुसता येत नाही. लेबलावर ‘तेलाचं’ लिहिलं आहे. अक्षर कुणाचं ते तू ओळखशील, तूच गिरवायला शिकवलं होतंस.

तू काही बोलू नकोस. फक्त चकती आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली त्यांच्यापुढे ठेव. त्यांनीच तिचे दोन तुकडे करावेत, एक वाटीत बुडवावा, एक बाहेर ठेवावा. गार तेल आहे, तेव्हा चार-पाच दिवस लागतील. माझ्या शब्दाला ते दया समजतात, पण रबर कुणावर दया करत नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

तुकडा फुगला की ते चिडतील. चिडू दे. पहिल्यांदा माझ्यावर, मग एवढी वर्षं माझ्या ताटात वाढलंस म्हणून तुझ्यावरसुद्धा. मधे पडू नकोस. मी तिकडे येणार नाही, तू बोलावल्याशिवाय फोनही करणार नाही. तू बोलावलं नाहीस तर त्यात तुझं काही चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

भाचीला मात्र एक ओळ लिहायला सांग, बाळ आजोबांच्या हातात गेलं की. तेवढी एक ओळ मला हवी आहे, मग काही नको.

भाऊजींना सांग, त्यांचे हात पहिल्यापासून चांगले होते. चुकलेला हात हा, ज्याने हे लिहिलं.

तुझी धाकटी बहीण